पाळणाताईंचा पास

लाँड्रीवाल्या ताईंना गल्लीत कोणी लाँड्रीवाल्या म्हणत नसे. लहानथोर सगळे त्यांना पाळणाताई म्हणत. नवख्या माणसाला वाटे, बाई पाळणाघर चालवत असतील. तो कडेवर पोर घेऊन दारात उभा राही आणि आत बघतो तर काय, छताला टेकलेले कपड्यांचे गठ्ठे, वाफेनं ओल्या झालेल्या भिंती आणि टेबलापाशी इस्त्री धरून उभी असलेली एक धिप्पाड, हसरी बाई. मग ताईच खुलासा करत, "पाळणाघर नव्हे हो, आकाशपाळणा! पोर राहू द्या, कपडे असतील तर ठेवा."

शहराबाहेर, बस जिथून वळून माघारी फिरते तिथं, एक मोठं पार्क होतं. झुकझुक गाडी, पाण्याच्या घसरगुंड्या, माणसांना उलटं टांगणारं काहीतरी भयंकर यंत्र, आणि या सगळ्यांच्या मधोमध आकाशपाळणा. ताई आठवडाभर इस्त्रीच्या धगीत उभ्या असत. संध्याकाळी अंगातून वाफा निघत. रविवारी तेवढी दुकानाला सुट्टी. अशाच एका रविवारी नवऱ्यानं त्यांना पार्कात नेलं. खाली माणसं चढावीत म्हणून पाळणा थांबला, तेव्हा ताईंची पेटी नेमकी सगळ्यात वर होती. वारा आला, मानेवरच्या घामातून आरपार गेला. ताई डोळे मिटून बसून राहिल्या. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "अहो, आज कितीतरी वर्षांनी मला गार वाटलं."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी वर्षाचा पास काढला. तो संपला तसा दुसरा, मग तिसरा. नवऱ्याला उंचीचं भारी भय. तो खाली बाकावर ताईंच्या चपला, पर्स आणि जेवणाचा डबा सांभाळत बसे. "एकानं तरी जमिनीवर राहायला हवं," तो म्हणे, "दुकानाची किल्ली माझ्याकडे आहे."

पार्क सुरू झालं तेव्हा तिकिटाच्या खिडकीत एक तरुण बसायचा. काटकुळा, शर्टाची कॉलर चुरगळलेली. ताईंना कॉलर बघवेना. एकदा त्यांनी खिडकीतूनच सांगितलं, "अरे, असा बसू नकोस लोकांसमोर. दुकानात आणून टाक, मी करून देते." तेव्हापासून तो घरचाच झाला. रविवारी दुपारी बाकावर येऊन त्यांच्या डब्यातलं जेवे, बोटं चाटत म्हणे, "ताई, माझ्या आईच्या हाताला अशी चव नाही, पण तिला सांगू नका." त्याची बढती झाली की तो आधी दुकानात येऊन सांगे. बघता बघता तो पार्कचा मॅनेजर झाला. ताई त्याला 'अरे, तू'च म्हणत राहिल्या आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग ते वाईट वर्ष आलं. एका रविवारी आकाशपाळणा अडकला. वर माणसं लटकलेली, खाली आरडाओरडा. ताई वरच्याच एका पेटीत होत्या. शेजारच्या पेटीतल्या दोन मुली रडायला लागल्या, तेव्हा ताईंनी त्यांना वरूनच गोष्टी सांगून, नवऱ्याच्या नकला करून हसवत ठेवलं. शेवटी सगळे सुखरूप उतरले. कुणाला ओरखडाही आला नाही. पण खाली टीव्हीवाले येऊन ठेपले होते. ताईंच्या तोंडापुढे माइक धरून त्यांनी विचारलं, "भीती वाटली ना?"

"वाटली की," ताई म्हणाल्या. "पण मी पुढच्या रविवारी परत येणार. बिघडलं ते दुरुस्त करतात, टाकून देत नाहीत."

तरी लोकांनी पार्काकडे पाठ फिरवली. रांगा आटल्या, अर्धी यंत्रं झाकून ठेवली. मॅनेजर एका संध्याकाळी दुकानात आला आणि कपड्यांच्या गठ्ठ्यावरच बसला. "ताई, असंच चाललं तर टाळं लागेल. माणसं कामावरून जातील. तुम्ही चार लोकांना सांगा. तुमचा शब्द लोक ऐकतात."

ताईंनी चार नाही, अख्ख्या गल्लीला सांगितलं. इस्त्रीचे कपडे परत देताना त्या गिऱ्हाइकाला पार्काची गोष्ट ऐकवत. नणंदेला तर त्यांनी गळच घातली. नणंद मोठी हिशेबी बाई. "वहिनी, तुम्हाला झोके घ्यायची हौस आहे, आम्हाला कशाला झुलवता?" असं म्हणत म्हणतच तिनं घरातल्या सगळ्यांचे पास काढले. हळूहळू गल्लीतली घरं रविवारी डबे घेऊन पार्कात दिसू लागली. त्यांचं बघून बाकीचे आले. पार्क तगलं. मॅनेजरनं ताईंचे दोन्ही हात हातात घेतले. त्याचे डोळे भरून आले होते. "हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुम्ही आमची घरची माणसं."

पुढं पार्काला नवे मालक मिळाले. मोठी कंपनी. दरवाज्यावर माणसाऐवजी यंत्रं आली, बाकांना रंग लागला. मॅनेजर तोच राहिला. फक्त आता तो बाकावर येईनासा झाला. ताई म्हणत, "कामं वाढलीत बिचाऱ्याला." वर्ष भरलं तसे ताईंनी पास पुन्हा भरले आणि नणंदेलाही भरायला लावले. पैसे घेताना पार्कातल्या कुणी नियम बदलल्याचं सांगितलं नाही.

त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी नणंद, तिची मुलं, सुना, नातवंडं असा मोठा गोतावळा घेऊन ताई दरवाज्यात पोहोचल्या. पास यंत्राला लावला. लाल दिवा लागला. परत लावला, परत लाल. त्यांनी पास पदराला पुसून लावला. मागे रांग चुळबुळू लागली.

दरवाज्यावरचा रखवालदार जुना होता. तो खाली बघत म्हणाला, "ताई, जुन्या पासवाल्यांना आता रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी आत सोडत नाहीत. नवीन नियम आहे. बाकीच्या दिवशी या ना."

"बाकीच्या दिवशी माझं दुकान असतं," ताई म्हणाल्या. "आणि हे आत चाललेत ते?"

"ते नवीन पासवाले. नवीन लोक जोडायचे म्हणून त्यांना सगळे दिवस खुले ठेवलेत. रांगही वेगळी आहे त्यांना."

नातवंडांतलं धाकटं ओरडलं, "ही बघा मामीआजी!" सगळ्यांनी वर पाहिलं. दरवाज्याच्या बाजूला घराएवढा फलक होता. त्यावर पाळण्याच्या पेटीत, केस वाऱ्यावर उडालेल्या, तोंडभर हसणाऱ्या पाळणाताई. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'इथे येणारा प्रत्येक जण आमच्या कुटुंबातला.' हा फोटो कधी काढला, कुणी काढला, ताईंना काही पत्ता नव्हता. रांगेतली माणसं एकदा फलकाकडे आणि एकदा ताईंकडे बघत होती. एक जण हसला. ताईंना कुणीतरी भर रस्त्यात तोंडात मारल्यासारखं झालं.

नणंद परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसली. उतरताना मात्र म्हणाली, "वहिनी, मी पार्काच्या नाही, तुमच्या शब्दावर पास काढले होते."

दुसऱ्या दिवशी ताईंनी दुकान नवऱ्यावर सोपवलं आणि पार्काचं ऑफिस गाठलं. मॅनेजर उठून उभा राहिला, पाणी मागवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. ताईंना वाटलं, काहीतरी चूक झाली असणार, आता हा म्हणेल की करतो मी नीट.

"अरे, रविवार का बंद केलास रे आमचा?"

"ताई, वरून आलंय सगळं. माझ्या हातात काय आहे?"

"वरच्यांना काय कळतंय आमचा रविवार? वरचे कधी इथं येतात तरी का?"

मॅनेजरनं टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. तो मूळचा खोटारडा नव्हता, त्यामुळे त्याला फार वेळ टिकता आलं नाही. "त्यांनी विचारलं, जुने पासवाले कुठल्या दिवशी जास्त येतात. मी सांगितलं. मला विचारलं म्हटल्यावर सांगावं लागतं, ताई. सुट्टीच्या दिवशी गर्दी होते. जुने लोक घरून डबे आणतात, बाहेरचं काही घेत नाहीत, दिवसभर जागा अडवतात. इथं ऑफिसात तर तुम्हा लोकांना डबा पार्टीच म्हणतात." तो जरासा हसला. ताई हसल्या नाहीत, तसा तो घाईघाईनं पुढं म्हणाला, "मी नाही म्हणत हं. बाकीचे म्हणतात."

"डबा पार्टी," ताई म्हणाल्या.

"मनाला लावून घेऊ नका. व्यवहाराचं सांगतो. नवीन माणसाला ओढून आणावं लागतं, त्याच्यावर खर्च करावा लागतो. तुमच्यावर कशाला करायचा? तुम्ही तर येणारच. पाळणा अडकला तरी तुम्ही आलात! तुमच्यासारखी माणसं कुठं जाणार आहेत?"

हे त्यानं कौतुकानंच म्हटलं होतं. तेच ताईंना जास्त लागलं. एखाद्यानं शिवी दिली असती तर त्यांनी चार दिल्या असत्या. पण त्यांचं येणं, त्यांचं बोलणं, त्यांनी जिवाभावानं सांगितलेला आपला रविवार, हे सगळं या माणसानं उचलून नेऊन वरच्यांच्या टेबलावर ठेवलं होतं, आणि ते करताना त्याला काही चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं. यानं आपल्या डब्यातलं खाल्लंय, एवढंच ताईंच्या मनात फिरत राहिलं.

त्या उठल्या. "तो फलक तेवढा उतरवा," त्या म्हणाल्या.

"ते अवघड आहे, ताई. पास घेतला की फोटोची परवानगी त्यातच येते."

"बरं. येते, साहेब. तुमचा वेळ घेतला."

साहेब. तुमचा. मॅनेजरचा चेहरा पडला. "ताई, असं परक्यासारखं काय बोलता?" तो म्हणाला, पण ताई तोवर दाराबाहेर गेल्या होत्या.

गल्लीत व्हायचं ते झालं. ज्यांनी ताईंच्या सांगण्यावरून पास काढले होते, त्यांना पार्कवाले भेटत नव्हते, ताई मात्र रोज भेटत होत्या. कुणी टोमणा मारी, कुणी इस्त्रीचे कपडे घेताना नजर चुकवी. एक जण तर तोंडावर म्हणाला, "तुम्हाला काय मिळालं त्यात? फलकावर फोटो उगाच लागत नाही." ताईंनी त्याच्या शर्टाची घडी पुरी केली, शर्ट हातात दिला आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. पार्कानं केसानं गळा कापला होता, आणि सुरी मात्र ताईंच्या हातात दिसत होती.

एका मंगळवारी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला. पास अजून चालू आहे, आज सोडतील." पार्क ओस पडलं होतं. पाळण्यापाशी नवऱ्यानं चपला हातात घ्यायला हात पुढं केला, पण ताई नुसत्या उभ्या राहिल्या. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि काय वाटलं कुणास ठाऊक, चपलांसकट त्यांच्या शेजारी पेटीत येऊन बसला. पाळणा हलताच त्यानं डोळे गच्च मिटले आणि दांडा दोन्ही हातांनी धरला.

वर गेल्यावर वारा आला. तोच, तसाच, मानेवरून आरपार जाणारा. ताईंना वाटलं होतं की आता तो पूर्वीसारखा लागणार नाही, मग सोडून देणं सोपं जाईल. पण वाऱ्यात तसूभर फरक नव्हता. त्या हमसून रडायला लागल्या.

"घाबरू नकोस, घाबरू नकोस," नवरा डोळे न उघडता म्हणत राहिला. "मी आहे ना."

वर्ष सरलं. ताईंनी पास भरला नाही. थोड्याच दिवसांत दुकानात फोन आला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. "मॅडम, तुम्ही आमच्या अतिशय खास ग्राहक आहात. तुमच्यासाठी पास निम्म्या किमतीत, आणि सगळे दिवस खुला. रविवारसुद्धा."

ताईंनी इस्त्री उभी करून ठेवली. "हे कुणाकुणाला देता?"

"जे आम्हाला सोडून गेलेत त्यांना, मॅडम. परत यावेत म्हणून."

"आणि जे सोडून गेले नाहीत, भरतच राहिलेत, त्यांना?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. तिच्यापुढच्या कागदावर बहुधा हे उत्तर नव्हतं. "त्यांच्यासाठी सध्या काही नाही, मॅडम."

"बाळ, तुझ्यावर राग नाही माझा," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. मग ताईंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं तशी त्यानं इस्त्री स्वतःच्या हातात घेतली.

त्यानंतर दुकान रविवारीही उघडं राहू लागलं. नणंदेचा अबोला लांबत लांबत एकदाचा संपला. तिनं कपड्यांचा गठ्ठा पाठवला आणि मागोमाग स्वतः आली, पण पार्काचा विषय दोघींनीही काढला नाही.

एका रविवारी नव्या हॉटेलचा माणूस चादरी आणि पडदे घेऊन आला. मोठं गिऱ्हाईक. आजच हवेत म्हणाला. टेबलावर शेजारच्या एकट्या राहणाऱ्या मास्तरांचे कपडे काढून ठेवलेले होते. मास्तर म्हणजे दुकान सुरू झालं तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. ताईंनी त्यांचा गठ्ठा बाजूला सारला. "मास्तरांचं काय, उद्या दिलं तरी चालेल. ते थांबतात," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि पडदा पसरला.

पडद्यावर पाणी शिंपडता शिंपडता त्यांचा हात थांबला. "ते थांबतात," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग त्यांनी पडदा गुंडाळून हॉटेलवाल्याच्या हातात दिला. "संध्याकाळी घेऊन या. तुमच्या आधीचे कपडे आहेत." तो कुरकुरला, दुसरीकडे जाईन म्हणाला. ताईंनी मास्तरांचा गठ्ठा पुन्हा टेबलावर ओढला.

मास्तरांचे कपडे त्या स्वतःच घेऊन गेल्या. मास्तरांनी दार उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, एवढी घाई कशाला केलीत? मी थांबलो असतो की."

"माहीत आहे मला," ताई म्हणाल्या, आणि कपडे खुर्चीवर ठेवून निघाल्या.