गळका बांध

मामा गुडघाभर पाण्यात वाकून दोन ओंडक्यांमधल्या फटीत चिखल कोंबत होता. कोणी बघत नाही ना, ते आधी चोरून बघितलं आणि वरून गवताचा बोळा ठोकून बसवला. पाण्याचा थेंब गळेना. मामा जाम खूश.

अख्खी गल्ली त्याला मामाच म्हणायची. धंदा प्लंबरचा. कुणाकडे चहाला गेला तरी कान मोरीतल्या नळाकडे. टपटप ऐकू आली की कप खाली आणि पाना हातात. अशा माणसाला ओढ्याच्या वर्गात मॅडम सांगत होत्या, की बांध गळलाच पाहिजे.

वर्ग म्हणजे रविवारी ओढ्याकाठी जमणारी गल्लीतली माणसं. वरच्या रानात काटकुळी झाडं एकमेकांच्या उरावर वाढलेली. त्यातलं कुठलं ठेवायचं, कुठलं तोडायचं, ते मॅडम दाखवायच्या. तोडलेल्याचे ओंडके ओढ्यात आडवे टाकायचे. पाणी त्यांतून गळत गळत जातं, त्याचा जोर मोडतो, गाळ बसतो, काठ वाचतो. पूर्वी याच लोकांनी ओढा साफ करतो म्हणून पडलेली झाडं, दगडधोंडे सगळं उपसून टाकलं होतं. तेव्हापासून पाणी मोकाट सुटलं आणि दर पावसात काठ खायला लागलं. मामाचं वर्कशॉप त्याच काठावर. मागच्या भिंतीपासून काठापर्यंत दोन पावलं जमीन उरली होती. ती गेली की पाइप, शिडी, मशीन आणि पोट, सगळंच ओढ्यात.

पाऊस आला. पाण्याला बांधातून वाट मिळेना, म्हणून ते बांधाच्या टोकाला वळसा घालून गेलं. जाताना मामाचीच जमीन कुरतडून गेलं. आता एकच पाऊल उरलं.

“काय हो प्लंबर, काम अगदी पक्कं केलंत,” पलीकडच्या काठावरच्या आपल्या घरातून शिवणवाली ओरडली. सांडपाण्याच्या पाइपावरून तिचं आणि मामाचं कधीचं बिनसलेलं. बोलणं फक्त टोमण्यात.

“तुम्ही तुमचे काजे बघा,” मामा म्हणाला.

“काज्याला निदान भोक तरी ठेवते मी.”

मॅडमनी फटीत हात घालून चिखलाने माखलेला बोळा बाहेर काढला. “हे कोणाचं काम?” सगळ्यांच्या माना मामाकडे.

“गळताना बघवत नाही हो मॅडम. हात आपोआप जातो.”

“मग डोळे मिटून काम करा.”

सगळी सकाळ मामा स्वतःच कोंबलेला चिखल उकरत बसला. एकेक धार सुटली की त्याची बोटं वळवळायची. काठावर बसलेली मामी हसून हसून बेजार. “अहो, हात मागे घ्या. मागे म्हटलं ना.” मग सगळ्यांनी मिळून टोकाला मोठे दगड रचले आणि पाणी मधूनच जावं म्हणून मधला ओंडका खाली घेतला.

पुढचा पाऊस जोरात झाला. मामा छत्री घेऊन काठावर उभा, चेहरा पडलेला. बांध जागोजागी गळत होता, त्याला नुसतं कसंतरी होत होतं. पण पाणी दमलं. मागे गाळ बसला. पाऊलभर जमीन जागच्या जागी राहिली.

“गळतोय हो तुमचा बांध,” शिवणवाली पलीकडून म्हणाली.

“गळणारच. शिकून केलाय,” मामा म्हणाला आणि त्याला पहिल्यांदा हसू आलं.

एक गोष्ट मात्र फार मागाहून कळली, तीही मामीच्या तोंडून. वर्ग सुरू व्हायच्या आधी सरकारी ऑफिसातले साहेब वर्कशॉपवर आले होते. मागे दगडी भिंत बांधून देतो, फुकट, म्हणाले. मामाने एवढंच विचारलं, की मग पाण्याचा मार कुठे बसेल. साहेबांनी शिवणवालीच्या घराकडे बोट दाखवलं. मामाने त्यांना चहा पाजला आणि भिंत नको म्हणून परत पाठवलं.