उमरेडचा घासलेला आकडा

नागपूरला गाडी पोचली तीच तीन तास उशिरा. सत्तर-बहात्तरचा सुमार, त्यात मे महिना, आणि अशा दिवसांत व्याख्यानाचं निमंत्रण स्वीकारणारा शहाणा मीच. मी मूळचा भौतिकशास्त्राचा, पुढे धातूंकडे वळलो. पुण्यात पोटासाठी शिकवत होतो आणि हौसेपोटी गावोगाव विज्ञानावर बोलत होतो. घरी याला ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणत.

स्टेशनबाहेर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा जाळ रस्सा) खाल्ले, डोळे पुसले आणि इतवारीत गेलो. संध्याकाळच्या प्रयोगासाठी तांब्याची तार हवी होती. भांड्यांच्या गल्लीत एका हातगाडीनं कोपर सोलवटून दिलं, पण तार मिळाली. मग उमरेडची एस.टी. पकडली. खरं काम तिथं होतं.

तिथल्या सुगंधाबाईंचं पत्र वर्षभरापूर्वी आलं होतं, मुलीकडून लिहवून घेतलेलं. मुलीनं वर्तमानपत्रातला माझा एक लेख वाचला होता. सुगंधाबाईंचा नवरा आरागिरणीत कामाला होता. ओंडका उचलताना साखळीचा लोखंडी आकडा मोडला आणि नवरा ओंडक्याखाली चिरडून मेला. गिरणीवाल्यांनी ठरवलं, यानंच जास्त वजन लावलं. गावही तेच म्हणू लागलं. बाईंचं म्हणणं, आकड्याला आधीच तडा होता. मोडका तुकडा त्यांनी जपून ठेवला होता. ते पत्र माझ्या टेबलावर आठ महिने पडून राहिलं. शेवटी मी कार्ड टाकलं की अमक्या दिवशी येतो, तुकडा दाखवा.

परीक्षा तशी सोपी असते. जुन्या तड्याचा भाग गंजून काळा पडलेला असतो, ताजा तुटलेला भाग त्या मानानं उजळ. पाच मिनिटांत सांगता येतं.

मी घरी पोचलो तशा बाई हातमागावरून उठल्या. बुद्धाच्या तसबिरीखाली धुतलेल्या फडक्यात तुकडा ठेवला होता. त्यांनी फडकं उलगडलं. तुकडा लख्ख होता, सणाला घासलेल्या तांब्यासारखा.

“तुमाले दाखवाचा होता ना सर,” बाई म्हणाल्या, “म्हणून काल चिंच-राखेनं घासला. असा कळकट कसा देऊ तुमच्या हाती?”

मोडलेल्या तोंडावर आधी काळं होतं का, मी विचारलं.

“अर्ध्यापर्यंत काळंकुट्ट होतं. लय घासलं, तवा निघालं.”

मी भिंग लावून उगाच बराच वेळ पाहत राहिलो. काहीच उरलं नव्हतं. मग सांगितलं, तुमच्या मालकांची चूक नव्हती.

“मंग तसं लिहून द्या.”

ते मला जमलं नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढ्यावरच सही करायची, हे मी वीस वर्षं मुलांना शिकवत आलो होतो. बाईंनाही तेच समजावलं, फार वेळ लावून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुमी तोंडानं सांगून राहिले, ते मले समजते,” त्या म्हणाल्या. “पण गावाले कागद लागते.”

मग त्यांनी चहा केला. तो मला धड पिववेना. तुटलेलं तोंड पुसू नये, हा आमच्या पहिल्या वर्षाचा पहिला धडा. तो कार्डावर लिहायचं मला सुचलं नाही. कार्ड अर्धं कोरं होतं.

संध्याकाळी नागपुरात सभागृह भरलं होतं. मी तार वाकवून वाकवून तोडली, आणि धातू आपली हकीकत स्वतःच सांगतो, असं नेहमीचं वाक्य बोललो. टाळ्या पडल्या. मला त्यांची लाज वाटली.

पुण्याला परतल्यापासून, कुणी मोडकं काही दाखवायचं म्हटलं की मी पहिल्याच ओळीत लिहितो, धुऊ नका, पुसू नका, आहे तसं आणा. उमरेडहून पुन्हा पत्र आलं नाही. तिथं तो माणूस अजून दोषीच आहे. तो निर्दोष होता हे बाईंना ठाऊक आहे आणि मला. आमच्यापैकी ज्याच्या शब्दाला गावात वजन होतं, त्यानं तो लिहून दिला नाही.