एकशे बारावा प्रश्न

गोडेलीव्ह फर्मूलन एकवीस वर्षं लूव्हेनला माझ्या शेजारच्या खोलीत बसते. तर्कावर चालणारी प्रोलॉग ही संगणकभाषा कोणी नव्यानं बांधली, की त्या प्रणालीला तीनशे प्रश्न घालायचे आणि उत्तरं प्रमाणग्रंथाशी ताडून पाहायची, हे तिचं काम. उत्तर चुकलं की तक्त्यात लाल चौकट. त्या चौकटीच्या धाकानं भलेभले आपली प्रणाली बदलतात. आल्स्टचा वानेस तेवढा बधत नव्हता. एकशे बारावा प्रश्न होता: माहिती अपुरी असेल तर? तक्ता म्हणे, "नाही" असं उत्तर द्यावं. वानेसची प्रणाली मात्र थांबून "माहिती अपुरी" असं सांगायची. आठ वर्षं त्याची लाल चौकट तशीच.

आज दोन वाजता आमची समिती त्यापायी त्याला मान्य प्रणालींच्या यादीतून काढणार होती. मग एक रुग्णालयही त्याला सोडणार. एखादं औषध रोग्याला धोक्याचं आहे का, हे तिथं त्याचीच प्रणाली सांगते.

साडेबाराला गोडेलीव्ह माझ्या दारात आली, चेहरा पांढराफटक. तिनं ग्रंथाचं पान पुढं केलं. मी वाचलं. वानेस बरोबर होता.

"मग तक्त्यात 'नाही' आलं कुठून?"

"तक्ता केला त्या दिवशी ग्रंथ घरी राहिला होता. एक प्रणाली चालवली, ती म्हणाली तेच उतरवलं."

ज्याची परीक्षा घ्यायची, त्याचीच वही बघून उत्तरं ठरवायची! आमच्यात याहून मोठं पाप नाही. लोकांच्या डोळ्यांतली कुसळं शोधणारी बाई, आणि हे मुसळ! तरी माझी जीभ घसरलीच. "आजची बैठक होऊ दे. मग गुपचूप दुरुस्त कर."

"लाज नाही वाटत तुला?" ती म्हणाली. वाटली.

दोनला ती समितीसमोर उभी राहिली; वानेसही आला होता. "एकशे बारा. चूक माझी आहे. वानेस पहिल्यापासून बरोबर होता."

वानेस हसला नाही. "आठ वर्षं थांबलो गं या वाक्यासाठी. काल बायको म्हणाली, पुरे झाला हट्ट, घर चालायला हवं. मग केलं सगळं तुझ्या तक्त्याप्रमाणं, माहिती अपुरी असली तरी धोका 'नाही'. सकाळपासून रुग्णालयात तेच चालू आहे."

गोडेलीव्हनं टेबलावरचा त्याचा फोन उचलून त्याच्या हातात कोंबला.

"रुग्णालयाला लाव. आधी बंद करायला सांग."

त्यानं लावला. पलीकडं घंटी वाजत होती आणि कोणी उचलत नव्हतं.