खाली पडणारं चुंबक

बाबांनी सोसायटीच्या फाटकाला गाडी घासली. लागलं कुणालाच नाही, फक्त पुढच्या दाराला पोचा आला. मी माहेरी आलेच होते, म्हणून दोघं गॅरेजमध्ये गेलो.

हातोडी उचलण्याआधी मिस्त्रींनी खिशातून छोटं चुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवलं. पोच्यापाशी ते घट्ट चिकटलं. मागच्या दारावर रंग अगदी नितळ होता, तिथं मात्र ते टपकन खाली पडलं.

"ताई, इथं पोचा बुजवायला रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी भरलीय; तिला चुंबक चिकटत नाही. जुनं काम आहे."

मडगार्डवर ते पुन्हा पडलं. डिकीच्या कोपऱ्यावरही पडलं. बाबा स्टुलावर बसून समोरच्या टायरांकडे बघत राहिले. आई गेल्यापासून ही गाडी त्यांच्याशिवाय कुणी चालवलेली नाही.

रोज संध्याकाळी मी फोनवर विचारते, "बाबा, बरे आहात ना?" ते म्हणतात, "अगदी मजेत." तो आवाजही असाच नितळ असतो, आणि मी निर्धास्त होऊन फोन ठेवते. आता हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला एकेक गोष्ट आठवू लागली. न्हाणीघरातली ओली फरशी. गॅसचं बटण. गच्चीचा जिना, ज्याला कठडा नाही. यातलं काय काय घडून गेलं असेल आणि वरून रंग दिला गेला असेल?

"पोचा निघाला. रंगाला उद्या आणा," मिस्त्री म्हणाले.

बाबा उठले आणि त्यांनी नेहमीसारखा किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली माझ्या मुठीत होती. मूठ उघडेना.