शून्यासाठी घेतलेलं रक्त

हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सरांनाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? नीट कळत नाही. बहुधा तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. किंवा लिहिताना मध्येच थांबता येतं म्हणून.

आधी नंदूदादाबद्दल सांगायला हवं. माझा थोरला भाऊ. भिवंडीत, कामतघरला लूमवर होता, कापडाच्या मागावर. अंगात कणकण वाटली की लूमवरची सगळी माणसं एकाच दवाखान्यात जायची, तसा तोही जायचा. तिथले डॉक्टर मोठे बोलके. "एक सुई में खडा हो जाएगा, भय्या," म्हणायचे, आणि माणसं खरंच दुसऱ्या दिवशी ड्युटीवर उभी राहायची. टेबलावर स्टीलचं भांडं, त्यात कोमट पाणी, पाण्यात सुया. एकाला टोचलेली सुई त्यात बुडवायची, कापसाने पुसायची, पुढच्याला टोचायची. मी तेव्हा कॉलेजात जीवशास्त्र शिकत होते. दादाबरोबर गेले तेव्हा मी हे पाहिलं — आणि गप्प बसले. डॉक्टरांना कोण बोलणार?

दादाला कावीळ झाली. बी प्रकारची, रक्तातून, तशीच शरीरसंबंधातून पसरणारी. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं तोवर तो आम्हाला ओळखतही नव्हता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "इंजेक्शनं कुठे घेत होते?"

दादा गेला. दिवस झाल्यावर मी तोच प्रश्न घेऊन दवाखान्यात गेले. बाकड्यावर पेशंट बसले होते. डॉक्टरांची बायको, शैलाकाकू, गोळ्यांच्या पुड्या बांधत होत्या. डॉक्टर चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "पोरी, रात्रपाळीची पोरं सुटल्यावर कुठे कुठे जातात ते आम्हाला विचार. घरच्यांना काय माहीत असतं? जास्त खोदू नकोस. तुझ्या वहिनीलाच ऐकवणार नाही."

बाकड्यावर कुणीतरी खुसखुसलं.

ते बोलणं माझ्याआधी घरी पोचलं. वहिनी पडघ्याकडची, मुळातच कमी बोलणारी. तिने मला मोरीपाशी गाठून विचारलं, "ताई, तुमाला ठाव हाय का काय? खरं सांगा." मी म्हणाले, असलं काही नव्हतं. तिने मान हलवली. पण तिला पटलं का? थोड्याच दिवसांत ती माहेरी गेली, आणि जाताना तिने दादाचा एकही फोटो नेला नाही. आई उंबऱ्यात बसून डॉक्टरच्या नावाने तेच तेच म्हणायची, "आमचा पोर गेला. त्याचा काय गेला?"

मी पुढे शिकले. लोक म्हणाले, भावाच्या आठवणीने शिकली. मला त्या खुसखुशीची आठवण जास्त होती.

सहा-सात वर्षांनी मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत होते. आम्ही एक पट्टी बनवत होतो, बोटाच्या पेराएवढी. तिच्यावर सोन्याचे कण बसवायचे, इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. त्या कणांवर अशी प्रथिनं चिकटवायची, जी फक्त या काविळीच्या विषाणूचं प्रथिन पकडून ठेवतील. रक्ताचा थेंब टाकला आणि काही पकडलं गेलं, की पट्टीतून वाहणारा विजेचा प्रवाह घसरतो. एवढंच. पण त्याआधी शून्य ठरवावं लागतं. म्हणजे निरोगी माणसाचं रक्त टाकून यंत्राचा काटा कुठे स्थिरावतो ते पाहायचं. ते शून्य चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

सरांना ही पट्टी दाट वस्तीतल्या एखाद्या दवाखान्यात वापरून पाहायची होती. भिवंडीतला दवाखाना मी सुचवला. तोच. का? त्या माणसाने मला बघावं म्हणून. मी यंत्र घेऊन त्याच्या टेबलापाशी बसावं, आणि त्याने मला "मॅडम" म्हणावं — इतकी बालिश इच्छा होती, दुसरं काही मनात नव्हतं. यावर तुम्ही विश्वास ठेवालच असं नाही.

त्यांनी मला लगेच ओळखलं. "झालं गेलं विसरायचं असतं, पोरी," म्हणाले. मॅडम नाहीच. टेबलावर आता कागदी पाकिटांतल्या सुया होत्या, एकदा वापरून फेकायच्या. म्हणजे त्यांना कळलं होतं. कधीतरी, कुणालाही न सांगता, त्यांनी ते भांडं उचलून ठेवलं होतं.

"निरोगी माणूस पाहिजे ना तुला?" त्यांनी बाही वर केली. "माझं घे. मला साधा तापसुद्धा येत नाही. काय गं, शैला?"

काकू आतून म्हणाल्या, "हो, ताप आम्हाला येतो, तुमच्यामुळे." पेशंट हसले. डॉक्टरही हसले.

मी रक्त घेतलं, थेंब टाकला. काटा स्थिरावेना. खाली जात राहिला. पट्टी खराब असेल म्हणून दुसरी घेतली, मग तिसरी. तेच. मग माझ्या बोटाला टोचून माझा थेंब टाकला — काटा जागच्या जागी थांबला.

तेव्हा कळलं. वर्षानुवर्षं त्या सुया हाताळताना एखादी त्यांना स्वतःलाही लागली असणार. ते दुखणं त्यांच्या रक्तात मुक्काम करून होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता.

"काय, जमलं का शून्य?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "जमलं. एकदम स्वच्छ आहे."

आमची पट्टी अजून पक्की नव्हती, तिच्या भरवशावर कुणाला काही सांगायचं नाही असा नियम होता. पण त्याच नियमात पुढे होतं की शंका आली तर ते रक्त इस्पितळात नेहमीच्या तपासणीला पाठवा. मी नियमाचा पहिला अर्धाच पाळला. सरांना सांगितलं, डॉक्टरांचं रक्त गोठलं, टाकून दिलं, शून्य माझ्या रक्ताने ठरवलं. परतीच्या बसमध्ये मी काय करत होते, सांगू? मनात आईला उत्तर देत होते. त्याचा काय गेला म्हणतेस ना? थांब. जाईल.

तेव्हा औषधं होती. पूर्ण बरं करणारी नसली तरी यकृत सांभाळणारी. वेळेवर कळलं असतं तर तो माणूस म्हातारा झाला असता.

तीनेक वर्षांत ते आजारी पडले. पोटात पाणी झालं. यकृत संपत आलं होतं, आणि इस्पितळात कारण सापडलं. मी बघायला गेले. हो, गेले! घरी पलंगावर पडले होते, डोळे पिवळे. मला बघून ओळखीचं हसले. काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, दार लोटलं, आणि हळूच म्हणाल्या, "तू तपासलं होतंस ना गं यांचं रक्त? दवाखान्यात? तेव्हा काही नव्हतं ना?"

खरं सांगायची ती वेळ होती. त्याहून सोपी वेळ मला कुणी देणार नव्हतं.

"नाही, काकू. तेव्हा काहीच नव्हतं."

त्या ओट्याला टेकल्या. "मग हे नंतरचं आहे," म्हणाल्या. "माझं रक्त तपासलं, त्यात काही नाही. म्हणजे घरातून नाही. मग कुठून आणलं यांनी? या वयात?"

बायकोच्या रक्तात नसलं म्हणून नवऱ्याच्या रक्तात आधीपासून नव्हतं, असं होत नाही. मला ते माहीत होतं. सुईचं माहीत होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिले. मोरीपाशी वहिनीचा चेहरा असाच झाला होता. आणि मला — हे लिहायला मी इतका वेळ लावला — मला बरं वाटलं. भूक लागलेली असताना पहिला घास पोटात जावा, तसं.

शेवटच्या दिवसांत काकू त्यांच्याजवळ बसल्या नाहीत. शेजारच्या बाईला बसवलं. ते "शैला, शैला" हाका मारायचे, आणि काकू बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवायच्या. हे मला त्यांनीच सांगितलं. ते गेल्यावर. रडत नव्हत्या सांगताना.

डॉक्टरांसाठी मला आजही वाईट वाटत नाही. वाटेल म्हणून बरीच वर्षं वाट पाहिली. पण काकूंनी काय केलं होतं? पुड्या बांधल्या होत्या. कधी चहा दिला होता. त्यांचा सगळा संसार मी एका शब्दाने खोटा करून ठेवला, आणि तो परत करायलाही एकच वाक्य लागतं. ते मला पाठ आहे.

काकू थकल्या आहेत आता. मी भिवंडीला गेले की त्यांच्याकडे जाते. त्या माझ्यासाठी पोहे करतात, गुडघ्यांबद्दल बोलतात, नवऱ्याचं नाव काढत नाहीत. निघताना दारापर्यंत येतात. "तूच एक येतेस गं आठवणीने," म्हणतात.

मी चपला घालते आणि म्हणते, "येईन पुन्हा, काकू." आणि जाते.