चुलीवर वाळत घातलेला गेम

एकदा मी व्हिडिओ गेम खळखळून धुतला आणि चुलीवर वाळत घातला. पूर्ण शुद्धीत असताना. वर स्वतःची पाठही थोपटून घेतली.

लेक तेव्हा सातवीत होती. तिच्या मुंबईच्या मामाने हातात मावेल असा गेम आणला होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी, तिथे तसला दुसरा कुणाकडेच नव्हता. लावणीच्या दिवसांत ती शेतावर भाकरी घेऊन आली आणि बांधावर खेळत बसली. मी ओरडले, "ठेव तो डबा नि रोपाच्या मुठी दे इकडं!" तिने घाईघाईत तो खिशात कोंबला, मुठी उचलायला वाकली, आणि गेम चिखलात.

शेतातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आमच्याकडे उंबरा ओलांडत नाही. पाय धुवायचे, कोयता धुवायचा. मी गेमही धुतला. मग चुलीवर टांगलेल्या फळीवर ठेवला. पावसाळ्यात बियाणं आणि खोबरं तिथेच सुकतं. खोबऱ्याला चालतं ते यंत्राला का चालू नये, असा त्या वेळच्या बाईसाहेबांचा विचार! सकाळी बटणं पापडासारखी वाकडी आणि काच काळी.

लेक रडली नाही. त्या वाकड्या बटणांवरून तिने नुसता अंगठा फिरवला. मामा दुसरा आणेल असं तिने मनाशी धरलं होतं. मी भाकऱ्या थापत होते आणि ती शेजारी बसून बोलत होती. "आई गो, पुढचा गेम ना, चिखलात पडला तरी चालणारा पायजे. उन्हात दिसणारा. बांधावर बसलं की काचेत नुसतं माझंच तोंड दिसतं. बॅटरी उन्हावर भरणारी, म्हंजे भाताबरोबर वाळत घालता येईल. आणि दोन्ही बाजूंना बटणं. एका बाजूला मी, एका बाजूला तू."

"मी गेम खेळू? लोक हसतील. पुढच्या गेमचं सोड, पुढच्या इयत्तेचं बघ."

केवढ्या हुशारीने बोलले मी! स्वतःच हसलेही. मामाने पुढे काही आणलं नाही, आणि तिनेही तो विषय पुन्हा कधी काढला नाही. तिचं माझ्याशी असं मनातलं बोलणं बंद झालंय हे कळायलाही मला बरीच वर्षं लागली.

यंदा मे महिन्यात ती पुण्याहून वरंधचा घाट उतरून आली, लेकीला घेऊन. नातीकडे नवा गेम. तिने त्याच्या कडेची बटणांची पट्टी खस्सकन ओढून काढली.

"अगो मोडलास काय!"

"आज्जी, ती निघतेच. एक तुला, एक मला."

हातात ते अर्धुकं घेऊन मी बसून राहिले. एका बाजूला मी, एका बाजूला तू. कुणीतरी केलं होतं म्हणायचं.

आम्ही खेळलो. माझी गाडी सारखी दरीत. नातीने विचारलं, "पुढच्या गेममध्ये तुला काय हवं?" मी सांगितलं, बटणं वड्यांएवढी मोठी, कुकरची शिट्टी झाली की आपोआप थांबणारा, आणि आज्जी हरली की दात न काढणारा. नात लोळून हसली.

ओटीवर लेक लॅपटॉप उघडून बसली होती. हसू ऐकून तिने मान वर केली, पुन्हा खाली घातली. मी उठले. गुडघे कुरकुरले. माझ्या हातातलं अर्धुकं तिच्यासमोर धरलं आणि म्हणाले, "ये गो, एक डाव खेळू. तू नि मी."

तिने ते घेतलं. अंगठा बटणांवरून फिरवला, अगदी सावकाश, जसा तेव्हा त्या वाकड्या बटणांवरून फिरवला होता. मग माझ्या तळहातावर परत ठेवलं.

"माझी मीटिंग आहे, आई. तेव्हा 'ये, बस, खेळू' म्हणाली असतीस ना, तर त्या जळक्या गेमवर पण खेळले असते मी तुझ्याबरोबर."