मी उठलो ती सभा

सन २०२३. आधार कार्डावर माझं वय एकाहत्तर होतं, पण आई सांगायची त्यावरून धरलं तर दोन-तीन वर्षं जास्तच भरतील. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. तरी मी एका विज्ञान-तंत्रज्ञानाच्या संस्थेचा विश्वस्त होतो, आणि हे मी मान वर करून सांगतो.

संस्था मुंबईच्या इंजिनियर लोकांची. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर हातपंप बसवायचे, सौर दिवे लावायचे, शाळांत प्रयोग दाखवायचे. मी त्यांचा पंपाचा मिस्त्री. संस्था काढणारे साहेब म्हणाले, मंडळात गावचा एक माणूस पाहिजे आणि तो पंप खोलणारा पाहिजे. म्हणून मला घेतलं. पुढे ते वारले, मी राहिलो. त्यांनी जाण्याआधी एक मोठं काम करून ठेवलं होतं. देखभालीसाठी बँकेत ठेव. पाड्यापाड्यांनीही त्यात दहा-वीस रुपये घातले होते. नुसत्या व्याजावर पंपाचे वायसर म्हणजे चामड्याच्या चकत्या, रॉड, पाणी ओढणारी नळकांडी यायची आणि दोन मिस्त्र्यांचा पगार निघायचा. मूळ ठेवीला हात लावायचा नाही, एवढं मला पाठ होतं. बाकीची नियमावली मी कधी वाचली नाही. खरं सांगायचं तर कोणाकडून वाचून घ्यायची लाज वाटायची.

त्या जानेवारीत कासा गावातल्या कार्यालयात सभा लागली. आम्ही नऊ विश्वस्त, पण येणारे पाचच. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, कॉलेजात विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई, आणि मी. विषय एकच होता. एक कंपनी तलासरीला शाळेच्या पोरांसाठी प्रयोगशाळा बांधून द्यायला तयार होती. मात्र काही हिस्सा संस्थेने घालायचा, आणि तो देखभालीची ठेव मोडून काढायचा.

मी म्हटलं, डोंगरातल्या एका पाड्यावर मी कालच पंप खोलून आलोय, त्याचं नळकांडं चिरलंय, बायका ओहोळावर जातायत. ठेव मोडली तर ते नळकांडं कुठून आणायचं? खजिनदार म्हणाले, तेच तर दुखणं आहे, नवं बांधायला सगळे देतात, जुनं दुरुस्त करायला कोणी देत नाही, तेव्हा मिळतंय ते घेऊ. अध्यक्ष म्हणाले, दोन-तीन वर्षांत ठेव परत भरून काढू. दोन-तीन वर्षं पाण्याविना कशी काढायची, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

बाई मला काका म्हणायच्या. स्वभावाने चांगल्या. त्या म्हणाल्या, "काका, आपल्या पोरांनी दुर्बिणीतून तारे बघू नयेत का?"

"बघावेत की. पण हंडा घेऊन चढ चढणाऱ्या पोरीला तारे दिवसाच दिसतात, बाई."

सगळे हसले, मीही हसलो. मग मी म्हटलं, प्रयोगशाळेची फीत कापायला मोठा माणूस येतो, वायसरची फीत कोण कापतो? या वेळी कोणी हसलं नाही. सचिवांनी घड्याळ पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, चर्चा पुष्कळ झाली, आता ठराव मताला टाकू.

मला एक गोष्ट ठाऊक होती. सभेला पाच माणसं लागतात, त्याला गणपूर्ती म्हणतात. मागे एकदा चौघेच जमलो होतो, तेव्हा चहा पिऊन सगळे उठून गेले होते. ते मी ध्यानात ठेवलं होतं. मी टोपी घातली आणि उभा राहिलो.

"आता तुम्ही चार राहिलात. घ्या सभा."

खजिनदार अर्धवट उठले. "बाबा, बसा जरा. नियम काय आहे तो ऐकून तरी घ्या—"

"मला नियम शिकवू नका. तुम्ही पाटीवर अक्षरं गिरवत होता तेव्हापासून मी या संस्थेत आहे."

आणि उतरलो खाली. जीपच्या नाक्यावर चहा घेतला, वर भजी घेतली. फार बरं वाटत होतं. शिकलेल्या चौघांना चौथी नापासाने अडवलं, असं मनात चाललं होतं. जीप भरत नव्हती, ड्रायव्हर अजून दोन सीट म्हणून ओरडत होता, म्हणून बसून राहिलो. पाऊण तास झाला असेल. कार्यालयात लिहिण्याचं काम करणारी ताई समोरून आली. आमच्याच बाजूची, लग्न होऊन कासाला आलेली. माझ्या शेजारी बाकावर बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, ठराव झाला."

मी म्हटलं, चार माणसांत कसा होईल? तिने माझ्या खिशातली सभेची नोटीस मागितली, उलगडली आणि खालची बारीक ओळ वाचून दाखवली. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरेल, तिला गणपूर्तीची गरज राहणार नाही. चौघांनी अर्धा तास चहा घेतला आणि सभा भरवली. मागच्या वेळी चौघे का उठले होते, तर तेव्हा कोणाला घाई नव्हती, एवढंच.

"अजून एक आहे," ती म्हणाली, आणि नोटीस घडी करून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, बोल. तेव्हा तिने सांगितलं. ठेव मोडायची तर हजर असतील त्या सगळ्यांचं एकमत लागतं, असं साहेबांनी नियमावलीत लिहून ठेवलं होतं. "तुम्ही नुसते बसून नाही म्हणाला असतात, बाबा, तरी ठराव पडला असता. खजिनदारसाहेब तेच सांगत होते."

सभेच्या वहीत लिहिलं होतं, ठराव सर्वानुमते मंजूर. ते खोटं नव्हतं. नाही म्हणणारा एकटाच होता आणि तो भजी खात बसला होता.

जीप भरली. ताई वर निघून गेली, मी चढलो. घरी पोचलो तेव्हा जेवावंसं वाटलं नाही. चूक दुसऱ्याची असती तर रागावून तरी घेतलं असतं. वाटलं, आता पुरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्या पाड्यावर गेलो. बायका हंडे घेऊन ओहोळाकडे निघाल्या होत्या. त्यांना थांबवलं आणि सांगितलं की नळकांडं यायचं नाही, ठेवीचे पैसे प्रयोगशाळेला गेले. मी सभेतून उठलो म्हणून गेले, हेही सांगितलं. एक म्हातारी, माझ्याच वयाची, हंडा खाली ठेवून म्हणाली, "मंग तू उठलास कशाला?"

"रागानं," मी म्हटलं.

तिने मान हलवली, हंडा उचलला आणि त्या गेल्या. पंप खोलताना काढून गवतावर पसरलेले पाईप मी एकेक करून झाडाला टेकवून बांधले. बोअरचं तोंड उघडंच होतं. पोरं दगड टाकतात आणि मग बोअर कायमची जाते, म्हणून एक सपाट धोंडा शोधून आणला, त्यावर ठेवला आणि कडेने माती थापली.